लेकराच्या पोटी लेकरू

आपल्या चळवळीला तारखा तोंडपाठ आहेत. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, २० मार्च, २५ डिसेंबर, १४ ऑक्टोबर. झोपेतून उठवून विचारलं तरी पोरं सांगतील. आता मी आणखी तीन तारखा सांगतो. २८ जुलै १९२८. १० नोव्हेंबर १९३८. २० जुलै १९४२. या दिवशी बाबासाहेबांनी किंवा त्यांच्या माणसांनी काय केलं, हे मी सिरसाळ्यात आणि आजूबाजूच्या वस्त्यांत बऱ्याच कार्यकर्त्यांना विचारलं. कुणाला सांगता आलं नाही. या तारखांची मिरवणूक निघत नाही. या तारखा बाईच्या पोटाच्या, पोरीच्या वयाच्या, बाळंतपणाच्या आहेत. हा विषय निघाला की सभेतले गडी चपला शोधायला लागतात.

माझं गाव परळी तालुक्यातलं, परळी-बीड रस्त्यावरचं. दसरा झाला की या रस्त्यानं ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं जातात. भांडीकुंडी, शेरडं, म्हातारी, तान्ही लेकरं, सगळं एका ट्रॉलीत. बीड म्हणजे कोयत्याचा जिल्हा. त्याच जिल्ह्याचा एक आकडा बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांना लग्नाचं वय विचारलं. बीड जिल्ह्यात शंभरातल्या ४३.७ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. सबंध महाराष्ट्राचा आकडा २१.९. म्हणजे आपण राज्याच्या दुप्पट. आणि लग्न झालं की वर्षा-दीड वर्षात पाळणा हलला पाहिजे, नाही हलला तर सासू देवऋषाकडं नेते. म्हणून बालविवाह आणि कोवळ्या पोरीचं बाळंतपण हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच.

हा लेख इतिहासाचा आहे. मी शाळा अर्धी सोडून गिरणीत लागलेला माणूस. पाळी सुटल्यावर जे हाताला लागतं ते वाचतो. वाचता वाचता ध्यानात आलं की पोरीचं वय किती असावं यावर या देशात दीडशे वर्षं भांडण चालू आहे, आणि त्या भांडणात आपली माणसं पहिल्यापासून उभी आहेत. पण आपल्याला ते भांडण विलायतेचे साहेब आणि पुण्याचे पंडित यांच्यातलं म्हणून शिकवलं. आपला हिस्सा कुणी सांगितला नाही, आणि आपणही मागितला नाही.

१८५५ पासून सुरू करू. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत मुक्ता नावाची मातंग समाजाची एक मुलगी शिकत होती. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. धर्मानं आम्हाला काय दिलं, असं पंडितांना तोंडावर विचारणारी ती पोर त्याच निबंधात बाळंतिणीवर येते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडीवाऱ्यात त्यांच्या जिवाचं काय होत असेल याचा विचार करा, असं ती सांगते. दलित बाईच्या लेखणीच्या पहिल्याच पानावर बाळंतपण आहे, हे आपण विसरलो. आज उसाच्या फडाकडेला पाचटाच्या कोपीत बाळंत होणारी पोर आणि मुक्ताचा निबंध यांच्यात एकशे सत्तर वर्षं गेली. छप्पर अजून पाचटाचंच आहे.

सावित्रीबाईंचं स्वतःचं लग्न १८४० साली नवव्या वर्षी झालं, जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे. लहानपणी बांधलेल्या त्या गाठीची किंमत त्या दोघांनी पाहिली होती. म्हणूनच १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पाळण्यात लग्न लागलेल्या, नहाण यायच्या आत विधवा झालेल्या, मग घरातल्याच कुणी फसवलेल्या बायकांनी तिथं गुपचूप येऊन बाळंत व्हावं आणि जीव वाचवावा, ही सोय. त्या बहुतेक ब्राह्मण घरच्या. ज्यांनी फुल्यांना घराबाहेर काढायला लावलं, त्यांच्याच लेकीबाळींची बाळंतपणं सावित्रीबाईंनी केली. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. दिवस गेलेल्या पोरीला 'तू असं का केलंस' हा प्रश्न आधी विचारायचा नाही, आधी पाणी द्यायचं, अंथरूण द्यायचं, ही रीत आपल्या इतिहासात तिथून आली.

आता कायद्याकडं या. १८६० च्या दंडसंहितेत शरीरसंबंधाला मुलीच्या संमतीचं वय दहा होतं. दहा! १८९० साली कलकत्त्यात एक खटला चालला. फुलमणी दासी, वय दहा-अकरा. नवरा पस्तिशीचा. त्याच्या जबरदस्तीनं पोर रक्तस्राव होऊन मेली. पण तिला दहा वर्षं पुरी झाली होती, आणि तो नवरा होता. म्हणून बलात्काराचं कलम लागलंच नाही, हलक्या गुन्ह्यावर त्याला वर्षभराची सजा झाली. त्या मढ्याच्या साक्षीनं १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला आणि दहाचे बारा झाले. दोन वर्षं वाढवायला केवढा गदारोळ! टिळकांच्या 'केसरी'नं कडाडून विरोध केला. विरोधकांचं म्हणणं होतं, पहिलं नहाण आलं की गर्भाधान झालंच पाहिजे, नाही तर धर्म बुडतो, आणि परक्या सरकारनं त्यात हात घालू नये.

आमच्या मराठवाड्यात पोरीला पाळी आली की म्हणतात, पदर आला. मग शेजारपाजारच्या बाया बोलायला लागतात, ''पदर आलाय, आता कशाला ठिवता घरात?'' १८९१ च्या पंडितांनी संस्कृतात जे मांडलं, तेच हे. ज्या शास्त्रानं आपल्या बापजाद्यांना पाणी दिलं नाही, ते शास्त्र आपल्या घरात पोरीच्या पदराला धरून शिरलंय. गिरणीत आम्ही दिवसातून धा वेळा पाळी म्हणतो, पहिली पाळी, रातपाळी, कुणी लाजत नाही. घरात बहिणीच्या संदर्भात तोच शब्द निघाला तर बाप उठून बाहेर जातो, आणि आठवडाभरात पाहुणे बघायला सुरुवात करतो.

त्याच काळात मुंबईत रखमाबाई लढत होती. सुतार समाजातली. अकराव्या वर्षी लग्न लागलेलं, नांदायला मात्र कधी गेली नाही. नवऱ्यानं १८८४ मध्ये ताबा मागणारी फिर्याद केली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. पुढं तो फिरला. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडं जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाते. शेवटी १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटलं. मग विलायतेला गेली, डॉक्टर झाली आणि आयुष्यभर बायांची बाळंतपणं केली. बहेरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाहाविरुद्ध टिपणं काढली, त्यावर जोतीरावांनी सरकारनं कायदा करावा असं मत लिहून पाठवलं. म्हणजे त्या वेळी सुद्धा या देशात दोन बाजू होत्या. शूद्र-अतिशूद्रांचा पुढारी पोरीच्या बाजूला होता. आपण आज कुठल्या बाजूला आहोत, हा माझा प्रश्न आहे.

आता बाबासाहेब. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, दुकानं बंद झाल्यावर रात्री, भीमराव आणि रमाबाई यांचं लग्न लागलं. रमाबाई नऊ वर्षांच्या आसपास. पाच लेकरं झाली, त्यातली चार गेली. एकटा यशवंत राहिला. २७ मे १९३५ ला रमाई गेली तेव्हा तिची चाळिशीही झाली नव्हती. आपण रमाईच्या त्यागाची गाणी रात्रभर गातो. तिच्या वयाचा हिशेब एकदा तरी मांडला का? नऊ वर्षांची नवरी, चार पुरलेली लेकरं, झिजलेलं शरीर. हा त्याग होताच, पण त्या त्यागाआधी एका रुढीनं तिला पकडलं होतं. ती रुढी आपण तिच्या नावानं गाताना माफ करतो.

बाबासाहेबांनी ती माफ केली नाही. ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातीच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. वय पंचवीस, म्हणजे तुमच्या-माझ्या वयाचं. तो निबंध आपण 'जात म्हणजे बंदिस्त वर्ग' एवढ्यावरच सोडतो. पण त्याचा गाभा पोरीच्या लग्नाचा आहे. बाबासाहेब सांगतात, जात टिकायची तर लग्न जातीतच झालं पाहिजे. त्यासाठी जातीतल्या बायका आणि पुरुष यांची जोडी नीट लागली पाहिजे. नवरा मेला तर बाई जादा होते, ती जातीबाहेर जाईल म्हणून तिला जाळा किंवा विधवा करून कोंडा. बायको मेली तर पुरुष जादा होतो. त्याला मात्र जाळता येत नाही, कोंडता येत नाही. मग त्याला बायको कुठून द्यायची? जी अजून लग्नाच्या वयाची नाही त्या पोरींतून. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही जातीच्या कुलुपाची तीन दातं आहेत. 

हे शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तकी बोलणं वाटतं? मग बीडचा दुसरा आकडा घ्या. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं मुली ८०७. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, त्या ८९४ होत्या. मधल्या काळात पोटातच मारल्या. त्या जनगणनेतली लेकरं आता लग्नाच्या वयाला आली आहेत. म्हणजे पुन्हा जादा पुरुष. त्यांना जातीतलीच पोरगी पाहिजे, आणि ती नाही. मग हात खाली जातो, सतरावर, पंधरावर, तेरावर. ''हुंडा नको, पोरगी द्या, लग्नाचा खर्च आमचा'' असं म्हणत स्थळं येतात आणि गरीब बापाला तो उपकार वाटतो. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कागदावर मांडलेलं गणित आज आमच्या तालुक्यात मंडपात मांडलं जातंय.

आता सुरुवातीच्या त्या तीन तारखा. २८ जुलै १९२८ ला मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचं आणि भत्त्याचं बिल चर्चेला होतं. गिरण्या-कारखान्यांतल्या बायांसाठी. बाबासाहेब त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, त्याचा भार मालकानं आणि सरकारनंही उचलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. १९२९ मध्ये कायदा झाला. मी गिरणीचा माणूस, मला हे ठळक दिसतं. गिरणीतल्या बाईला कायद्यानं जे तेव्हा दिलं, ते उसाच्या फडातल्या बाईला आजही हाताला लागत नाही. तिच्या नावाची हजेरी नसते. हिशेब नवरा-बायकोच्या जोडीचा आणि पैसा मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात.

१० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी तो मांडला, बाबासाहेबांच्या वतीनं. सरकारनं संततिनियमनाची साधनं आणि माहिती लोकांना द्यावी, अशी मागणी. सततच्या बाळंतपणानं बाईचं शरीर मोडतं, तिला आपल्या गर्भावर अधिकार पाहिजे, ही भूमिका. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. त्याआधी १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुरावरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची वकिली बाबासाहेबांनी केली. शरीराची माहिती देणं म्हणजे अश्लीलता, असं त्या काळचे पुढारी म्हणत होते. त्या कोर्टात आपला बाप माहितीच्या बाजूला उभा होता. आणि आज आपल्याच वस्तीत आशाताईनं पोरींना पाळीबद्दल सांगितलं तर आपलेच गडी म्हणतात, पोरी बिघडतील.

२० जुलै १९४२, नागपूर. अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया जमल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना काय सांगितलं? स्वच्छ राहा, लेकरांना शिकवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढा, हे सांगितलं. आणि लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, मुलं पायावर उभी राहिल्याशिवाय ती त्यांच्यावर टाकू नका, फार मुलं होऊ देऊ नका, हेही सांगितलं. बायको ही नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीनं उभी राहिली पाहिजे, हे सांगितलं. पंधरा वर्षांच्या पोरीनं तीस वर्षांच्या नवऱ्यासमोर बरोबरीनं कसं उभं राहायचं, सांगा.

आता तुम्ही म्हणाल, कायदा तर झालाच होता. झाला होता. हरविलास सारडा यांचा कायदा, आपण ज्याला शारदा कायदा म्हणतो, १९२९ मध्ये झाला, १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. पण तो ब्रिटिश मुलखापुरता. आमचं बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सप्टेंबर १९४८ पर्यंत आमच्या आज्या-पणज्या त्या कायद्याच्या बाहेरच राहिल्या. १९४९ मध्ये मुलीचं वय पंधरा झालं. १९७८ मध्ये मुलीचं अठरा आणि मुलाचं एकवीस. १ ऑक्टोबर १९७८ पासून ते लागू झालं. ते साल नीट आठवा. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. ज्या महिन्यात दिल्लीचा कायदा पोरीला अठरा वर्षं देत होता, त्या महिन्यात आपले लोक जळालेल्या घरांची राख उपसत होते. आणि जळालेल्या घरात वयात आलेली पोरगी असली की बाप आणखीच घाबरतो, तिला लवकर उजवून मोकळा होतो. दंगल पोरीचं वय खाते. दुष्काळही खातो, टाळेबंदीही खाते. २०२० मध्ये करोनात शाळा बंद पडल्या तेव्हा आमच्या भागात चार माणसांत किती लग्नं उरकली, ते तुम्ही डोळ्यानं पाहिलं आहे.

आणि कोयता तर दरसाल खातो. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने १९५० पासून उभे राहिले, पहिला प्रवरेचा. पुढं १९७२ चा दुष्काळ पडला आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली माणसं लोंढ्यानं ऊसतोडीला निघाली. वंजारी, मराठा, बंजारा, मातंग, बौद्ध, सगळे. कामाचं माप ठरलं 'एक कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. उचल मिळते ती जोडीला. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचल निम्मी. मग पोराच्या बापाला दसऱ्याआधी सून पाहिजे. पोरीच्या बापालाही दसऱ्याआधीच घाई. सहा महिने तो फडात, पोरगी गावात म्हातारीजवळ. पोरीकडं कोण बघणार? सोबत न्यावी तर शाळा तुटते आणि कोपीला दार नसतं. ठेवावी तरी धास्ती, न्यावी तरी धास्ती. लग्न लावलं की धास्ती दुसऱ्याच्या दारात. त्या बापाला नुसतं अडाणी म्हणून भागत नाही. त्यानं सगळा हिशेब केलेला असतो. त्या हिशेबात फक्त पोरीचं शरीर धरलेलं नसतं.

ते शरीर आपण धरू. पाळी आली म्हणजे बाळंतपणाला तयार झाली, हा सगळ्यांत जुना खोटा समज. पाळी बाराव्या-तेराव्या वर्षी येते. कमरेच्या हाडांची वाढ त्यानंतर काही वर्षं चालूच असते. तेवढ्यात पोट राहिलं तर पोरीची वाढ आणि लेकराची वाढ एकाच भाकरीवर. अंगात रक्त कमी. रक्तदाब वाढून झटके येतात. मूल अडतं. लेकरू वेळेआधी, कमी वजनाचं जन्मतं. जगभरात पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींच्या मरणाच्या मोठ्या कारणांत गरोदरपण आणि बाळंतपण आहे. आणि जी वाचते तिचं पुढं काय? वीस-बाविशीत दोन-तीन लेकरं, शस्त्रक्रिया, फडात पाणी नाही, आडोसा नाही, अंगावरून जातं, कंबर धरते. खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. मग कुणीतरी सांगतं, ''पिशवी काढून टाक, कटकट मिटंल.'' २०१९ मध्ये सरकारनंच विधिमंडळात सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायांच्या पिशव्या काढल्या. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पंधराव्या वर्षी सुरू झालेली गोष्ट पस्तिशीच्या आत अशी संपते.

आता आपल्या वस्तीकडं, कारण बोट बाहेर दाखवणं सोपं. १९५६ नंतर आपण लग्नाची रीत बदलली. भटजी गेला, बौद्धाचार्य आले. पांढरी साडी आली, त्रिशरण-पंचशील आलं, मंचावर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो आले. फार मोठी गोष्ट झाली. पण त्या फोटोसमोर पांढऱ्या साडीत उभी असलेली पोर दहावीत असेल, तर ते लग्न बाबासाहेबांचं की मनूचं? पंचशील म्हणणाऱ्यानं तिचा शाळेचा दाखला मागितला का? आणि पोरीचं कुणावर मन बसलं, त्यातही पोरगा मातंगाचा किंवा दुसऱ्या जातीचा निघाला, तर आपल्याकडंही आठ दिवसांत मामाचा पोरगा उभा करतात. तिथं १९१६ चा निबंध आपल्यालाही लागू होतो. जात तोडायची भाषा करायची आणि पोरीच्या वयाला जातीचं कुलूप घालायचं, हे दोन्ही एकाच घरात चालणार नाही.

मग करायचं काय? मोर्चा काढा, पण त्याआधी काही साधी कामं आहेत.

एक. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा वाचा, तो १ नोव्हेंबर २००७ पासून लागू आहे. लग्न लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला, मदत करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. गावात प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवकाच्या खुर्चीवर बसलेला माणूस. त्याला लेखी कळवा, पोच घ्या. १०९८ हा नंबर वस्तीत भिंतीवर रंगवा. लग्न लागून गेलं असलं तरी मुलीला ते रद्द करून मागता येतं, वीस वर्षं पुरी होईपर्यंत. हे बहुतेक पोरींना ठाऊकच नसतं.

दोन. बौद्धाचार्यांची बैठक घ्या. दाखला पाहिल्याशिवाय त्रिशरण म्हणायचं नाही, एवढा एकच ठराव करा. मंडपवाला, बँडवाला, आचारी यांनाही तेच सांगा.

तीन. दसऱ्याआधी आपल्या वस्तीतल्या बारा ते अठरा वयाच्या पोरींची यादी करा. कोण शाळेत आहे, कुणाचे आईबाप जाणार, पोरगी कुठं राहणार. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ मध्ये आली. मुलींचं वसतिगृह प्रत्यक्षात कुठं चालू आहे, जागा किती, भिंत-कुंपण-बाई अधीक्षक आहे का, हे जाऊन बघा. बांगलादेशात १९९४ पासून माध्यमिक शाळेतल्या मुलींना हजेरीवर आणि लग्न न करण्याच्या अटीवर भत्ता दिला, आणि पोरी शाळेत टिकल्या. बापाच्या हिशेबात जागा झाली की बापही थांबतो.

चार. शरीराची माहिती द्या. पोरींना आणि पोरांना सुद्धा. निरोध, गोळ्या, तांबी म्हणजे काय, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, हे सांगा. लग्न झालेल्या कोवळ्या पोरीलाही पहिलं मूल लांबवता येतं, हे तिला आणि तिच्या नवऱ्याला सांगणारं कुणीतरी पाहिजे. नवऱ्याशी तुम्ही बोला, तो तुमचा दोस्त असतो.

पाच. एखाद्या पोरीला दिवस गेलेच असतील, तर तिला लपवू देऊ नका. कायद्यानं अठराच्या आतल्या मुलीशी संबंध हा गुन्हा आहे. नवरा असला तरी गुन्हा, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑक्टोबर २०१७ ला सांगितलं. १८६० ला दहा असलेलं वय नवऱ्याच्या बाबतीत १८९१ ला बारा, १९२५ ला तेरा, १९४९ ला पंधरा आणि २०१७ ला अठरा झालं. पण पोलिसांच्या भीतीनं घरचे दवाखाना टाळतात, घरीच गोळ्या देतात, गावठी सुईण बघतात आणि पोर जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयानं म्हटलं आहे की अल्पवयीन मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. २०२१ च्या दुरुस्तीनं अल्पवयीन मुलीला पालकाच्या संमतीनं चोवीस आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो. ठेवायचं की नाही, हे तिला विचारा. कुठल्याही परिस्थितीत तिला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यापर्यंत सोबत करा. जीप लागते, दोन माणसं लागतात, रात्र जागावी लागते. सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये जे केलं त्याचं आजचं रूप एवढंच आहे.

यात तुम्हाला मारहाण होईल, भावकी तुटेल. ''मोठा आला शहाणा, तुझ्या घरात पोरी न्हाईत का?'' असं ऐकावं लागेल. मलाही ऐकावं लागलं आहे. पाण्यासाठी महाडला डोकी फुटली होती. ही डोकी आपल्याच माणसांच्या हातानं फुटतील, म्हणून जास्त दुखतील.

येत्या २० जुलैला सिरसाळ्यात आम्ही काही जण नागपूरच्या परिषदेचा दिवस धरून बसणार आहोत. हार नाही, भोंगा नाही. वस्तीतल्या बायांना पुढं बसवायचं, गड्यांनी मागं बसून ऐकायचं. तिथं पोरींची पहिली यादी करू. दसरा तीन महिन्यांवर असेल. तुमच्या गावात तुम्ही करा.

जयभीम.